शेवटचे पस्तीस किलोमीटर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

वेंगुर्ल्याहून तेरेखोल पस्तीसेक किलोमीटर आहे. सायकलवर सकाळी सातला निघालेला माणूस दहाच्या चहाला आरामात पोचतो. मला पोचायला संध्याकाळ झाली. नऊ दिवसांत जवळजवळ पाचशे किलोमीटर कापून आलेल्या माणसाला शेवटच्या पस्तीस किलोमीटरना अख्खा दिवस का लागावा? त्या एका दिवसाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मी एकट्याने सायकलवरून कोकण किनारा केला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने सायकलीसकट रेवसला उतरलो आणि तिथून दक्षिणेला निघालो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं. रोज पन्नास-साठ किलोमीटर. पंचावन्नाव्या वर्षी याहून जास्त जमत नाही आणि जमवूही नये. नकाशावर हा रस्ता समुद्राच्या काठाकाठाने सरळ खाली जाताना दिसतो. प्रत्यक्षात कोकणात सरळ असं काही नसतं. खाडीकडे उतरायचं, खाडी ओलांडायची, मग घाटी चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर यायचं, सड्यावर उन्हात भाजायचं, की पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरायचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी फेरीबोटीत बसलो. त्या पाच-दहा मिनिटांत पाय हलवावे लागत नाहीत, म्हणून पुलांपेक्षा मला बोटी प्रिय झाल्या.

लोक विचारायचे, 'कशासाठी?' आणि मी काहीतरी थातूरमातूर उत्तर द्यायचो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, किनारा बघायचा होता, कविता सुचतात वगैरे. खरं कारण माझ्या पाठीवरच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं होतं. ते एक पोस्टकार्ड होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही गडहिंग्लजचे. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हिरण्यकेशीच्या काठचं गाव. माझ्या वडिलांचं, अब्बांचं, बाजारपेठेत सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या आणि दुरुस्ती करायची. आज तिशीत असलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण एकेकाळी गावात सायकल तासाच्या भाड्याने मिळायची. आमच्याकडे बारा सायकली होत्या. दहा मोठ्या आणि दोन लहान पोरांसाठी अर्ध्या. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. रात्री न्यायची तर कंदील वेगळा. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसला तर दंड, म्हणून अब्बा दरवर्षी सगळ्यात आधी बिल्ले आणायचे.

आणि एक वही असायची. लांबुडकी, लाल बांधणीची. तिच्यात चार रकाने: नाव, नंबर, गेली, वापस. अब्बांनी अख्खी वही मराठीत लिहिली, मात्र या शेवटच्या रकान्याला ते 'परत' म्हणाले नाहीत. घरातल्या दखनीतला 'वापस' तिथे येऊन बसला तो कायमचा. सायकल आली की अब्बा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, वापसची वेळ लिहायचे आणि मग पैशांचा आकडा सांगायचे. रात्री दुकान बंद करताना वापसचा एखादा रकाना कोरा असला, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. सायकलीच्या किमतीपेक्षा त्यांना त्या माणसाची काळजी असायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

१९८८ साल. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात बी. ए. करणारा, आणि नव्याने कविता लिहू लागलेला. त्या वयात आपलं गाव, आपलं घर, आपल्या बापाचे ग्रीसचे हात, सगळ्याचाच राग येतो. मित्र घरी आले की मी त्यांना दुकानाच्या बाजूने न आणता मागच्या बोळातून आणत असे. दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर दुकानात बसायची वेळ आली. कुठल्याशा किरकोळ कारणावरून अब्बांशी भांडलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सात नंबरची सायकल काढून निघालो. ठरवलं, गोव्याला जायचं. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या गावचं पाणीसुद्धा समुद्राच्या उलट्या दिशेने जातं. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि पूर्वेला घटप्रभेकडे वाहत येते. तिथून कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. मी नदीच्या विरुद्ध, तिच्या उगमाकडे आणि त्याच्याही पलीकडे निघालो होतो. मोठा बंडखोर वाटत होतो मी मला.

आजरा, आंबोली. आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकची रबरं जळल्याचा वास आला. रात्री सावंतवाडीच्या स्टँडवर बाकावर झोपलो. दुसऱ्या दिवशी मळेवाड, आजगाव करत दुपारी शिरोड्याजवळ पोचलो आणि मागचा टायर ट्यूबसकट फुटला. खिशात साडेतीन रुपये.

सायकल ढकलत शिरोड्याच्या बाजारात आलो. तिथे एक सायकलचं दुकान होतं. अगदी आमच्यासारखंच. तोच सोल्युशनचा वास, तीच पाण्याची घमेली. दुकानदार चाळिशीचा असेल. त्याने आधी टायर बघितला, मग मला बघितलं.

"खंयसून इलंस रे?"

मी सांगितलं.

"घराकडे सांगान इलंस काय?"

मी गप्प. त्याने पुढे काही विचारलं नाही. घरातून भाकरी आणि माशाचं कालवण आलं. संध्याकाळी त्याने आपली सायकल मला दिली आणि म्हणाला, वेळागरला जाऊन समुद्र बघून ये, पण अंधार व्हायच्या आत ये. मी आयुष्यातला पहिला समुद्र त्या संध्याकाळी सुरूच्या झाडांमधून पाहिला. परत आलो तेव्हा त्याने सहज बोलता बोलता अब्बांचं नाव आणि दुकानाचा पत्ता विचारून घेतला. रात्री दुकानाच्या ओट्यावर झोपलो. सकाळी त्याने मला एसटीत बसवलं, सायकल टपावर चढवून दोरीने बांधली आणि हातात पंचवीस रुपये दिले. "जा घराक. आवस वाट बघीत असतली," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी गडहिंग्लजला दुकानासमोर उभा होतो. अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. सायकलकडे बघितलं. मग वही काढली. त्यात माझं नाव होतं. नंबर सात. 'गेली' या रकान्यात पहाटे पाच. त्यांनी घड्याळ बघितलं, वापसच्या रकान्यात सात लिहिलं, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि म्हणाले, "बासष्ट तास. एकतीस रुपये."

तासाला पन्नास पैसे दर होता. ते एकतीस रुपये मी उरलेल्या सुट्टीत दुकानात राबून फेडले. पंक्चर काढायला, चाक सरळ करायला, तारा आवळायला मी तेव्हा शिकलो. पण ज्याची मी वाट बघत होतो ते काही झालं नाही. अब्बा रागावले नाहीत. कुठे गेला होतास, का गेला होतास, काहीच विचारलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही, कधीच नाही. मला वाटायचं, राग इतका मोठा आहे की तो बोलण्यात मावत नाही. पुढे मी नोकरीला लागलो, एका सहकारी संस्थेत कारकुनी करू लागलो. लग्न झालं, कवितेची पुस्तकं आली. मोटरसायकली वाढल्या, भाड्याची सायकल कोणी नेईनासं झालं. पण आम्हा दोघांत तो एक न विचारलेला प्रश्न तसाच होता. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

२००३ मध्ये अब्बा गेले. दुकान रिकामं करताना वह्यांचा गठ्ठा सापडला. १९८८ ची वही उघडली तर माझ्या नावाच्या पानाला टाचणीने दोन कागद टोचलेले. एक पंचवीस रुपयांच्या मनीऑर्डरची पावती, शिरोड्याची. दुसरं पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. त्यावर चार ओळी होत्या. आपला मुलगा सुखरूप आहे. उद्या सकाळच्या गाडीत बसवून देतो. रागावू नये. सायकल चांगली आहे, फक्त मागचा टायर बदलावा.

ते कार्ड अर्थातच मी घरी पोचल्यानंतर एक-दोन दिवसांनी आलेलं असणार. म्हणजे अब्बांना सगळं ठाऊक होतं. आणि ते रागावले नाहीत, कारण कोण कुठल्या सायकलवाल्याने 'रागावू नये' असं लिहिलं होतं. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही, अशा माणसाचा शब्द त्यांनी पंधरा वर्षं पाळला. आणि मी त्या पंधरा वर्षांना राग समजत होतो.

आता खरी लाज वाटणारी गोष्ट सांगतो. त्याच आठवड्यात मला शिरोड्याला जायला हवं होतं. गडहिंग्लजहून सकाळी निघून दुपारी पोचता येतं. मी पत्र लिहायला घेतलं, पण ते इतकं सुंदर करायच्या नादात पुरं झालं नाही. मग मुलांच्या शाळा, आईचं आजारपण, संस्थेची ऑडिटं. 'नुसतं जायचं नाही, सायकलवरून जायचं,' अशी एक कल्पना डोक्यात आली आणि तिने तर आणखी घोटाळा केला. मोठ्या कल्पनेला मोठा मुहूर्त लागतो. बावीस वर्षं गेली. शेवटी भाच्याने त्याची जुनी गिअरची सायकल दिली, रजा शिल्लक होती, गुडघे अजून ऐकत होते. एकोणीसाव्या वर्षी घाटावरून उतरून मी शिरोड्यात अडलो होतो. या वेळी किनाऱ्याने यायचं, त्या माणसाला भेटायचं आणि जिथे पोचायचं राहून गेलं होतं त्या गोव्याच्या हद्दीत, तेरेखोलला, शेवट करायचा असं ठरवलं.

नऊ दिवस पायडल मारताना मी तो प्रसंग मनात रचत होतो. तो आता ऐंशीच्या आसपास असेल. मी कार्ड दाखवीन. तो डोळ्यांजवळ धरून वाचील. मी पंचवीस रुपये पुढे करीन. कवितेची शेवटची ओळ आधीच सुचली तर मी सावध होतो, कारण मग आधीच्या सगळ्या ओळी तिच्या सोयीने वाकायला लागतात. प्रवासात मात्र ही सावधगिरी मी विसरलो.

तर शेवटचा दिवस. वेंगुर्ल्याहून निघालो तेव्हा बंदराकडून मासळीच्या टोपल्या येत होत्या. रोज सकाळी निघताना मला घाई असायची, त्या दिवशी नव्हती. डच वखारीचे अवशेष बघून झाले, एकाऐवजी दोन चहा झाले. पाय थकले नव्हते. उलट नऊ दिवसांनी पाय नुकते कुठे शहाणे झाले होते. पण माणूस शेवटाला भितो. हवं असलेलं जोवर पुढे आहे तोवर ते आपलं असतं.

मोचेमाडची घाटी चढून वर आलो. खाली खाडी समुद्राला मिळताना दिसते. तिथे पाच मिनिटं थांबलो आणि उतारावर मागचं चाक लडबडायला लागलं. पंक्चर. या प्रवासातलं तिसरं. सावलीला सायकल उलटी केली. अब्बांच्या दुकानातल्या दोन लिव्हर मी बरोबर आणल्या होत्या, त्यांनी टायर सोडवला. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळून हळूहळू फिरवली. जिथे गार लागलं तिथे थुंकी लावली, बुडबुडा आला, बॉलपेनने खूण केली. मग कानस, सोल्युशन, आणि ते सुकेपर्यंत धीर. नवशिका इथेच चुकतो, ओल्यावरच पॅच चिकटवतो. टायरच्या आतून बोटं फिरवली तर बारीक काटा लागला. तो न काढता ट्यूब घातली असती तर दहा मिनिटांत पुन्हा बसलो असतो. शाळेला जाणारी चार पोरं थांबून बघत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमचा दुकान आसा?" मी म्हटलं, "होय. माझ्या वडिलांचं." कॉलेजात असताना हे उत्तर मला इतकं सोपं गेलं नव्हतं.

पुढे आरवली. जयवंत दळवींचं गाव आणि वेतोबाचं देऊळ. वेतोबाला भलीमोठी चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या चपला बघून मला माझा मागचा टायर आठवला. नऊ दिवसांत त्याची नक्षी पार गुळगुळीत झाली होती. सायकलवर माणसाचं बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं आणि ओढायचं कामही त्यालाच. पुढचं चाक फक्त वाट दाखवतं, म्हणून पुढचा टायर टिकतो. घरोघरी हेच असतं म्हणा.

साडेदहाच्या सुमाराला शिरोडा आलं. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच गाव. वि. स. खांडेकर १९२० साली इथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. एकोणीसाव्या वर्षी मी इथे कालवण-भाकरी खाऊन गेलो तेव्हा यातलं काहीही मला दिसलं नव्हतं.

बाजारात सायकलचं दुकान दिसेना. ओटा ओळखू आला, पण त्यावर मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि थंड पेयांचा फ्रिज होता. कोपऱ्यात मात्र हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि छताला टांगलेले दोन-तीन सायकलचे टायर. दुकानात माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता. मी कार्ड पुढे केलं. त्याने अक्षर बघितलं आणि खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं.

"बाबा २०११ मध्ये गेले," तो म्हणाला.

म्हणजे २००३ नंतरही ते आठ वर्षं होते. याच ओट्यावर बसत होते. मी पत्र सुंदर करत बसलो होतो तेव्हा ते होते.

मी सगळी हकिकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. त्याला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही, तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं. मग तो हसून म्हणाला, "तुम्ही एकटे नव्हता. दरवर्षी एक-दोन तरी असायचे. परीक्षेत नापास झालेले, घरात भांडलेले. गोव्याला निघालेले सगळे. बाबा आधी जेवू घालायचे, मग समुद्र बघायला पाठवायचे. तेवढ्या वेळात कार्ड लिहून पेटीत टाकायचे."

माझं अख्ख्या आयुष्यातलं एकमेव बंड अशा रीतीने एका लांब यादीतला एक आकडा निघालं. मलाही हसू आलं. पण त्या माणसाची उंची त्यामुळे कमी झाली नाही, वाढली. माझ्यासाठी त्याने अपवाद केला असता तर ती दया झाली असती. ती त्याची रीत होती. अब्बांच्या वापसच्या रकान्यासारखी.

मी विचारलं, मनीऑर्डर आठवते का? मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं. पैसे पाठवणारा त्यावर दोन ओळी लिहू शकायचा आणि पोस्टमन ते फाडून पैसे घेणाऱ्याला द्यायचा. अब्बांनी तिथे काहीतरी लिहिलं असणार. बोलणं त्यांना जमत नसे, पण दोन ओळींचा माणूस होता तो. मला त्या दोन ओळी हव्या होत्या. खरं सांगायचं तर पंचवीस रुपयांपेक्षा मी त्यासाठीच आलो होतो, हे मला तिथे विचारताना कळलं.

तो म्हणाला, बाबा अशी सगळी पत्रं, कुपनं बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. जुनं घर उतरवलं तेव्हा डबा भिजला होता. कागदाचा लगदा झाला होता. टाकून दिला.

माझ्या बापाने माझ्याबद्दल एका परक्या माणसाला काय लिहिलं, ते आता कुणालाच ठाऊक नाही. मी आणखी लवकर गेलो असतो तर ते वाचायला मिळालं असतं. याला दुसरा शब्द नाही, उशीर हाच शब्द आहे.

मी पंचवीस रुपये काढले. त्याने हात मागे घेतला. "ते तर तेव्हाच आले होते. तुमच्या वडिलांनी पाठवले होते ना? मग पुन्हा कसले?" हिशेबाने त्याचंच बरोबर होतं. जेवल्याशिवाय त्याने जाऊ दिलं नाही. त्याच्या बायकोने सोलकढी वाढली, माशाचं कालवण वाढलं. जेवणानंतर तो बाहेर आला, माझ्या सायकलपाशी वाकला, अंगठ्याने मागचं चाक दाबून बघितलं आणि सवयीने बोलून गेला, "मागलो टायर बदलूक व्हयो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याने कार्डावरची शेवटची ओळ वाचली होती की नाही, मी विचारलं नाही. त्या मापाचा टायर त्याच्याकडे नव्हता. "वेंगुर्ल्याहून मागवून ठेवतो, उद्या येताना बदलून घ्या," तो म्हणाला. "तेरेखोलपर्यंत जाईल. पण घाई करू नका."

घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ऊन कललं तेव्हा निघालो. शिरोड्याच्या पुढचा रस्ता मी कधीच पाहिला नव्हता. रेडी आलं. इथल्या लोहखनिजाच्या खाणींमुळे माती आणि धूळ तांबडी. पुढे यशवंतगडाची झाडीत बुडालेली तटबंदी. एक वळण, एक चढ, आणि केव्हा गोव्यात शिरलो ते नीटसं कळलंही नाही. तेरेखोलचं हे एक वैशिष्ट्यच आहे. गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये हा किल्ला घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. गोवा मुक्त व्हायला मात्र १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. एवढ्याशा किल्ल्याने केवढी वाट पाहिली.

मी किल्ल्यात गेलो नाही. खाली नदीवर फेरीबोटीचा धक्का आहे, तिथे उतरलो. पलीकडे केरीची वाळू दिसत होती. सायकल भिंतीला टेकवली आणि बसलो. फोटो काढायला कोणी नव्हतं. मनात रचलेली ओळ केव्हाच गळून गेली होती. बोट आली, चार माणसं आणि दोन स्कूटर उतरल्या, बोट गेली. समोर समुद्रात सूर्य उतरत होता. अंधार व्हायच्या आत ये, हे एकदम आठवलं.

घरी फोन लावला. पोचलो म्हणून सांगितलं. आमच्या घरात कौतुक फार लांबत नाही. बायकोने विचारलं, "पाँव दुखते क्या?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "वापस कब आते?"

क्षणभर मला दुकानातली लाल वही दिसली. चौथा रकाना कोरा असलेली.

मी म्हटलं, "परवा. उद्या शिरोड्याला थांबायचंय. मागचा टायर बदलून घेतो."